लक्सरचे पाच दिवस आणि सुट्या पैशांची पिशवी

जाऊन आल्यावर जो भेटतो तो पिरॅमिड कसे होते विचारतो. पिरॅमिड आम्ही बघितलेच नाहीत. कैरोत फक्त विमान बदललं आणि थेट इजिप्तमधलंच नाईलकाठचं लक्सर गाठलं, कारण सासूबाईंचं वय ७३, गुडघे तिचे, हट्टही तिचाच की एकाच गावात राहायचं आणि रोज बॅग भरायची नाही. म्हणून हे वर्णन लक्सरचं आहे आणि त्यातही अर्ध्याहून जास्त टिपबद्दल आहे, कारण निघायच्या आधी मी सगळ्यात जास्त टेन्शन त्याचंच घेतलं होतं. नवऱ्याने पंधरा दिवस व्हिडिओ बघून बघून घाबरवून ठेवलं होतं, तिकडे म्हणे श्वास घेतला तरी बक्षीश मागतात.

मी स्वतः बँकेत कॅश काउंटरला बावीस वर्षं काढलीयत. "सुटे द्या" हे वाक्य जितक्या वेळा बोललेय तितक्या वेळा मुलांची नावंही घेतली नसतील. तिकडे गेल्यावर कळलं की सगळा खेळ शेवटी तोच आहे.

दिवस पहिला, १२ जानेवारी २०२५

मुंबई ते कैरो, कैरो ते लक्सर, काही विशेष घडलं नाही. कैरो एअरपोर्टला एटीएममधून पैसे काढले तर सगळ्या दोनशेच्या नोटा. नवरा खूष, मी नाही. दोनशेची नोट घेऊन ट्रॉलीवाल्यासमोर उभं राहिलं की तो काय सुटे परत देणारेय का? मग तिथल्याच बँकेच्या खिडकीवर गेले आणि आतल्या मुलाला सांगितलं, मी पण बँकेत, मी पण कॅश. आधी तो गोंधळला, मग हसला आणि ड्रॉवरमधून दहा-वीसच्या नोटांची गड्डी काढून दिली. कॅशियर सगळीकडे सुट्यांची एक गड्डी लपवून ठेवतो, हे मला माहीत नसणार तर कुणाला.

तर पहिला सल्ला हाच. गावात शिरायच्या आधी सुटे करा, ५, १०, २० आणि थोड्या ५० च्या नोटा. एक इजिप्शियन पाउंड तेव्हा साधारण १ रुपया ७० पैशांना पडत होता. आणि नोट नीट बघून घ्या, पन्नास पियास्टरची चिटुकली नोटही चालते तिकडे (१०० पियास्टरचा एक पाउंड), पन्नास पाउंड म्हणून ती हातात टेकवायचा प्रकार होतो. नोटेच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, तीच बाजू बघायची. अरबी आकड्यांत आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) फारच मजा केली, त्यांचा नऊ आपल्या एक सारखा दिसतो आणि पाच म्हणजे नुसतं शून्य, त्यामुळे ज्यूसच्या दुकानावरची पन्नासची पाटी वाचून आई म्हणाल्या, "शून्य शून्य लिहिलंय, फुकट आहे वाटतं."

लक्सरला ट्रॉलीवाल्याने बॅगा टॅक्सीपर्यंत नेल्या आणि हळूच म्हणाला, बक्षीश. आईंनी मागे वळून विचारलं, "कसलं बक्षीस मिळालं याला?" तिला सांगितलं की तो आपल्याकडे मागतोय. शब्द एकच, फारसीतून त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला, फक्त आपल्याकडे बक्षीस शाळेच्या गॅदरिंगला मिळतं आणि बक्षीसपत्र रजिस्ट्रार ऑफिसात होतं. आईंना हे फार आवडलं. म्हणाल्या, "म्हणजे पोस्त." आमच्या घरी दिवाळीची पोस्त अजून आईच्याच हातून जाते, पेपरवाला, कचरागाडीवाला, पोस्टमन, सगळ्यांची पाकिटं, आणि त्यात कोणाला किती हे ती कुणाला विचारत नाही. तेव्हाच मला जरा हायसं वाटलं. ट्रॉलीवाल्याला ४० दिले, त्याने छातीवर हात ठेवला, विषय संपला.

दिवस दुसरा, कर्नाक आणि "या हग्गा"

सकाळी थंडी चांगलीच होती, स्वेटर लागलं, अकरापर्यंत ते कमरेला बांधलं. कर्नाकच्या देवळाबद्दल लिहायला लागले तर थांबणार नाही. १३४ खांबांचं ते सभागृह, एकेका खांबाला मिठी मारायची तर माझ्यासारख्या पाच-सात जणी लागतील. आत तलावाकाठी दगडाचा मोठा किडा आहे, शेणकिडा म्हणा, त्याला सात फेऱ्या मारल्या की इच्छा पूर्ण होते म्हणतात. आईंनी गुडघे विसरून सात प्रदक्षिणा घातल्या, वर हात जोडले. काय मागितलं सांगितलं नाही.

खांबांच्या मागून गलाबिया (पायघोळ झगा) घातलेले रखवालदार हळूच बोट हलवून बोलावतात, इकडे या, इथून फोटो चांगला येतो. कधी खरंच चांगला येतो. एकाने आम्हा तिघांचा असा फोटो काढला की तो आता हॉलमध्ये लावलाय, त्याला २० दिले आणि अजिबात जड गेले नाहीत. पण दुसऱ्याने दोरी बाजूला करून आत चला म्हटलं, तेव्हा मी नवऱ्याचा शर्ट धरून ओढला. फोटो काढून दिला त्याची खुशी वेगळी आणि बंद जागेत सोडायचे पैसे वेगळे, त्याला आपण मराठीत चिरीमिरी म्हणतो.

आता ते टॉयलेट प्रकरण. देवळाबाहेरच्या स्वच्छतागृहात दारातच एक बाई बसलेली, हातात टिश्यूचा रोल, प्रत्येकीला मोजून चार कागद देणार आणि ५-१० पाउंड घेणार. आम्ही गेलो, तिने आईंना बघितलं, लगबगीने उठली, दार उघडून धरलं आणि मोठ्याने म्हणाली, "या हग्गा! या हग्गा!"

मी भिंतीला टेकले. आई लालबुंद. "हिला मराठी येतं? आणि असं बोलतात का म्हाताऱ्या माणसाशी?" बाहेर आल्यावर गाईडला विचारलं तर त्याने फार भक्तिभावाने सांगितलं की हजला जाऊन आलेल्या बाईला हज्जा म्हणतात, इजिप्तमध्ये ज चा उच्चार ग करतात, आणि कुठल्याही वयस्कर बाईला मानाने "या हग्गा" म्हणजे "अहो आजी" असं बोलावतात. आम्ही हसायचं थांबेना, तो बिचारा बघत राहिला, त्याला समजावणार तरी कसं. त्यानंतर उरलेले सगळे दिवस ड्रायव्हर, वेटर, नाववाला, सगळे आईंना हग्गा. शेवटी शेवटी त्याही ओ द्यायला लागल्या.

संध्याकाळी घोडागाडी केली ती मात्र चूक झाली. २०० पाउंड ठरवले, हातावर हात मारला, नदीकाठच्या रस्त्याने चक्कर मारून लक्सर मंदिरापाशी उतरलो तर म्हणे २०० माणशी. नवऱ्याचा आवाज चढला, त्याचाही चढला, शेवटी नवऱ्याने २०० हातात ठेवले आणि चला म्हणाला. तर तो घोड्याकडे बोट दाखवून म्हणतो, ठीक आहे, पण घोड्याची बक्षीश? आईंनी शांतपणे पिशवीतली दोन केळी काढली, सोलली आणि घोड्याला भरवली. "घोड्याचं घोड्याला दिलं." आजूबाजूचे गाडीवाले हसायला लागले, मग तोही हसला. माणसं किती, वेळ किती आणि परत आणणार का, हे तिन्ही बसायच्या आधी बोलून घ्यायचं, नाहीतर केळी बाळगायची.

लक्सर मंदिर रात्री दिव्यांत बघा, दिवसा नको. त्याच्या आतच एक मशीद आहे, अबू हग्गाग नावाची. हे नाव ऐकून आमचं परत सुरू झालं.

दिवस तिसरा, पश्चिम काठ आणि संक्रांत

नदीच्या पलीकडे सगळं मेलेल्यांचं राज्य. स्थानिक लोकांच्या फेरीबोटीतून गेलो, दहा मिनिटांत पलीकडे. उतरून गाडीत बसलो आणि दोन्ही बाजूंना बघतो तर ऊस! वाळव्याच्या बाईला इजिप्तमध्ये ऊस दिसल्यावर काय होतं ते लिहून सांगता येणार नाही. शेतातून छोटे रूळ जातात, उसाने भरलेल्या वाघिणी घेऊन छोटं इंजिन कारखान्याकडे निघालेलं. आईंनी गाडी थांबवायला लावली, कांडं हातात घेऊन पेरं मोजली आणि "पाणी बरं आहे यांच्याकडे" असा शेरा दिला. ड्रायव्हरने रस्त्यावरच्या दुकानातून तिघांना रस आणून दिला, पैसे घेईना. आल्याशिवायचा, लिंबाशिवायचा रस, गोड मिट्ट.

राजांच्या दरीत एका तिकिटावर तीन थडगी बघता येतात. आम्ही सहाव्या रामसेसच्या थडग्याचं वेगळं तिकीट काढलं, छतभर आकाशाची देवी नूत आडवी पसरलेली, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. मान दुखेपर्यंत बघत होतो. तूतनखामेनसाठीही वेगळं तिकीट लागतं, थडगं अगदीच छोटं आहे पण त्याचं शव अजून तिथेच ठेवलंय. मोबाईलने फोटो काढायला वेगळे पैसे लागत नाहीत, त्यामुळे "नो फोटो, मला दे काहीतरी" म्हणणाऱ्याला शांतपणे नको म्हणा.

इथे आत येऊन माहिती सांगणारे रखवालदार भेटतात. माहिती म्हणजे भिंतीवरच्या एका देवाकडे बोट दाखवून "अनुबिस", दुसरीकडे दाखवून "ओसिरिस", आणि मग अंगठ्याने तर्जनी चोळायची. मी सुरुवातीला नुसती मान हलवून पुढे जायचे. नंतर ठरवलं, जे आपल्याला हवं होतं ते त्याने केलं असेल तर १०-२०, नाहीतर छातीवर हात ठेवून "ला शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि थांबायचं नाही. हे जमायला दीड दिवस लागला. मान खाली घालून निसटणं वाईट दिसतं, हात छातीवर ठेवून नाही म्हटलं तर समोरचाही तसाच हात ठेवतो.

मग देर अल मदिना. राजे-राण्यांचं नाही, थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव, घरांचे नुसते पाये उरलेत, गुडघ्याएवढे. गाईडने इथे सांगितलेली गोष्ट मला अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात आवडली. यांचा पगार धान्यात व्हायचा. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, धान्य वेळेवर आलं नाही तेव्हा ही माणसं हत्यारं टाकून निघाली आणि देवळांच्या मागे जाऊन बसली, आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे अठरा दिवस गेले. लिहून ठेवलेला जगातला हा सगळ्यात जुना संप मानतात, ती नोंद असलेला पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, आता इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. आईंचा प्रश्न, "मग मिळालं का धान्य?" मिळालं. "सगळं?" गाईड म्हणाला, हप्त्याहप्त्याने. आई म्हणाल्या, "कारखान्याच्या बिलासारखं."

याच विषयावरून गाईड जरा मोकळा झाला. तेव्हा तिकडे खासगी नोकरीत किमान पगार महिना ६००० पाउंड होता, म्हणजे आपले दहा हजार. आणि २०२२ च्या सुरुवातीला डॉलर सोळा पाउंडांच्या आत होता, मार्च २०२४ मध्ये एका दिवसात एकतीसवरून पन्नासच्या घरात गेला. त्यामुळे जुनी वर्णनं वाचून "पाच पाउंड पुरे" असं ठरवून जाऊ नका, त्या पाच पाउंडांत आता काही येत नाही. आम्ही नवऱ्याच्या जुन्या व्हिडिओवाल्या यादीवर काट मारली.

दुपारी मेदिनेत हाबूच्या देवळात आईंचे गुडघे बोलायला लागले. एका म्हाताऱ्या रखवालदाराने स्वतःची खुर्ची दिली, किटलीतला काळा चहा काचेच्या छोट्या ग्लासात ओतून दिला, साखर निम्मा ग्लास. आम्ही तासभर आत फिरून आलो तरी दोघं तिथेच, भाषा नाही काही नाही, आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवून चाललं होतं काहीतरी. निघताना मी ५० ची नोट पुढे केली. त्याने हात छातीवर ठेवला, मान हलवली, नाही. मी परत पुढे केली, परत नाही. मला ओशाळल्यासारखं झालं, नोट हातात तशीच. आईंनी माझा हात मागे केला, पिशवीतून डबी काढली आणि त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. चौदा जानेवारी होती, आम्ही पार विसरलो होतो. त्याने वास घेतला, "सिमसिम!" म्हणाला, म्हणजे तीळ, आणि अर्धा खाऊन अर्धा खिशात ठेवला.

जेवणाचं एवढंच सांगते, शाकाहाऱ्यांनी "सियामी" हा शब्द पाठ करावा, तिथल्या ख्रिश्चन लोकांचं उपासाचं जेवण, त्यात मांस, अंडं, दूध काही नसतं. कोशारी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा, ऐकायला भयंकर, खायला मस्त. करकदे नावाचं लाल सरबत मिळतं ते म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं. हॉटेलच्या बिलात १२ टक्के सर्व्हिस आणि १४ टक्के टॅक्स आधीच लागतो, तरी वेटरच्या हातात वेगळे थोडे द्यावेत, सर्व्हिसचे पैसे त्याच्यापर्यंत पूर्ण पोचतातच असं नाही. आम्ही तिघांच्या जेवणाला ३०-५० ठेवत होतो, टेबलावर नाही, हातात.

दिवस चौथा, फुगा

पहाटे साडेचारला हॉटेलातून उचललं. नावेतून नदी ओलांडताना चहा आणि पाकिटातला केक, दात वाजत होते. बलूनमध्ये आई आल्या नाहीत, त्या खालून बघतो म्हणाल्या. वर गेल्यावर आवाज बंद, फक्त मधूनच आगीचा भपका, खाली उसाचे हिरवे चौकोन आणि जिथे हिरवं संपतं तिथून एकदम वाळवंट, मधे रेघ मारल्यासारखं. सूर्य वर आला तेव्हा टोपलीतले सगळे गप्प.

उतरल्यावर शेतात पोरांनी टाळ्या वाजवत गाणं धरलं, सर्टिफिकेट वाटलं आणि एक टोपी फिरायला लागली. सगळे पर्यटक अचानक बूट बघायला लागले. आपल्याकडे आरतीचं ताट फिरतं तेव्हा अगदी अस्संच होतं. मी १५० टाकले, मग मागून बाकीच्यांनीही काढले. पहिल्याने टाकल्याशिवाय कोण टाकत नाही, हेही ताटासारखंच.

दुपारी शिडाच्या होडीत, फलुका म्हणतात. वारा पडला आणि दोन तास नदीच्या मधोमध लटकलो, नाववाला शांत झोपला. त्या झोपेची टिप द्यायची की नाही यावर आमचा वाद झाला. दिली.

दिवस पाचवा, नाणी

खोली साफ करणाऱ्याला मी रोज सकाळी ५० उशीवर ठेवत होते, शेवटच्या दिवशी एकदम द्यायचे नाहीत कारण माणूस बदलतो. रोज टॉवेलचं काहीतरी करून ठेवायचा, हंस, मगर, एकदा नवऱ्याचा गॉगल लावलेलं माकड. निघायच्या दिवशी त्याने दार वाजवलं आणि मूठ उघडली. मूठभर युरोची नाणी. म्हणाला, नोट द्या. मी लगेच नो नो करून हात हलवला, म्हटलं आली फसवाफसवी. तो उभाच. मग डोक्यात प्रकाश पडला, बँकेत परदेशी नाणी कुठे घेतात! आमच्या बँकेतही नाही घेत. युरोपातले लोक उरलेली नाणी टिप म्हणून देऊन मोकळे होतात आणि ती या माणसाकडे खडे होऊन पडतात. बावीस वर्षं कॅशला बसून हे मला मिनिटभर सुचलं नाही.

आईंनी आतून सांगितलं, घे, जर्मनीत नात आहे ना, तिला होतील. चादरीवर ओतली, सवयीने रास लावली. एक युरोची सात, दोन युरोची दोन, आणि दोन युरोच्या राशीत त्याने ठेवलेलं एक तिसरं. मधे चंदेरी, कडेला पिवळं. उलटं केलं तर सिंह. दहा रुपये.

तो माझ्याकडे बघत होता. कोणी आपल्यातलंच दिलं असणार, चुकून की कसं, काय माहीत. म्हटलं, हे युरो नाही, इंडिया. त्याने विचारलं, किती? मनात हिशोब झाला, जेमतेम सहा पाउंड. तोंडातून आकडा निघेना. नवरा मागून पुटपुटला, "खरं ते सांग." मी अकरा युरोचे झाले तेवढे दिले आणि त्यावर शंभरची नोट ठेवली, म्हटलं, हे आमच्याकडे चालतं. तो हसला, "अमिताभ बच्चन!" म्हणाला आणि आमच्या बॅगा उचलून निघाला.

विमानात हिशोब लावला, पाच दिवसांच्या टिपा तिघांच्या मिळून २९६० पाउंड, पाच हजार रुपयांच्या आसपास. त्या शंभरावर नवऱ्याने पेनाने गोल करून ठेवलाय.

सांगलीत पहाटे उतरलो, रिक्षाने घरी. नव्वद रुपये झाले, माझ्याकडे शंभरची नोट नव्हती, ऐंशी सुटे निघाले आणि पर्सच्या तळाशी ते नाणं आणि अजून एक तसलंच. दोन्ही रिक्षावाल्याच्या हातावर ठेवली. त्याने दिव्याखाली धरून बघितली आणि परत केली. "मॅडम, दहाचं नाणं चालत नाही हो इकडं, दुसरं काहीतरी द्या."